मेटारायझियम टाकूनही हुमणी मरत नाही: उसाच्या रानात काय काय तपासावे

दरवर्षी ऑगस्ट उजाडला की माझ्याकडे एकच तक्रार येऊ लागते. "एकरी दहा किलो मेटारायझियम टाकलंय, शेणखतात कालवून टाकलंय, महिना उलटून गेला, तरी बेटं पिवळी पडायची थांबेनात." वारणा खोऱ्यात स्वतःचा ऊस सांभाळत आणि आसपासच्या गावांतून बोलावणे येईल तेथे जाऊन रान खणून पाहत मी ही तक्रार इतक्यांदा ऐकली आहे की तिच्यामागची कारणे आता तोंडपाठ झाली आहेत. मेटारायझियम ही मातीत राहणारी, किडींवर जगणारी जिवंत बुरशी आहे. रासायनिक दाण्यांच्या सवयीने ती विस्कटून दिली तर वाया जाते, आणि बियाण्यासारखी वेळ साधून, ओल पाहून, मुळाशी पेरली तर हुमणीला, म्हणजे उसाची मुळे खाणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळीला, हमखास रोग लावते. खालच्या तपासण्या मी ज्या क्रमाने करतो त्याच क्रमाने लिहिल्या आहेत. सुरुवातीच्या तपासण्यांना एक कुदळ आणि अर्धा तास पुरतो, तर शेवटच्या तपासण्यांना पैसा, श्रम आणि कधीकधी एक हंगामही द्यावा लागतो.

लक्षणे

बिघाड नेमका कोणता आहे हे आधी ठरवावे. हुमणी लागलेल्या उसाची पाने प्रथम निस्तेज व पिवळी दिसू लागतात, पाणी देऊनही तजेला येत नाही, आणि पुढे संपूर्ण बेट वाळते. हा पिवळेपणा सगळ्या रानात एकसारखा नसतो. तो ठिगळांसारखा, जागोजागी दिसतो आणि बांधाजवळ किंवा झाडांच्या आसपास अनेकदा आधी सुरू होतो. वाळू लागलेले बेट एका हाताने धरून ओढले तर ते फारसा जोर न लावता उपटून येते आणि खाली मुळांचा जुडगा उरलेला नसतो. जोराचा वारा आला की असा ऊस कोलमडतो. खोडवा (तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून फुटून आलेला ऊस) आणि पाण्याचा चांगला निचरा होणारी हलकी ते मध्यम जमीन येथे हा त्रास अधिक दिसतो.

या लक्षणांखेरीज आणखी तीन गोष्टी घडल्या असतील तरच पुढचा मजकूर तुमच्या उपयोगाचा आहे: मेटारायझियम टाकले आहे, टाकून किमान तीन आठवडे झाले आहेत, आणि मातीत जिवंत अळ्या सापडत आहेत.

पहिली तपासणी: सापडलेली अळी हुमणीचीच आहे का

हे विचारले की माणसे दुखावतात, परंतु ज्या रानांत मी गेलो त्यांतल्या काही रानांत खरी चूक येथेच निघाली. शेणखताच्या उकिरड्यात पांढऱ्या, जाडजूड, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या अळ्या नेहमीच असतात. त्यांतल्या पुष्कळशा कुजणाऱ्या पदार्थांवर जगणाऱ्या भुंग्यांच्या असतात आणि जिवंत मुळाला तोंड लावत नाहीत. खताबरोबर त्या सरीत येतात, शेतकरी त्या पाहतो आणि हुमणी वाढली असे धरून चालतो.

ओळखण्याची सोपी रीत अशी की अळी सपाट फळीवर किंवा पाटीच्या तळावर ठेवावी आणि दोन मिनिटे शांत राहून पाहावे. जी अळी उताणी होऊन पाठीवर सरकत चालते, ती शेणखतातल्या भुंग्याची आहे आणि ती उसाचे नुकसान करत नाही. हुमणीची अळी कुशीवर वळलेली पडून राहते, पायांनी धडपडते, आणि तिचे डोके पिवळसर तपकिरी, जबडे मजबूत असतात. अळी कोठे सापडली हेही पाहावे. बेटाच्या बुडाशी, कुरतडलेल्या मुळांना लागूनच ती असेल तर संशयाला जागा उरत नाही.

एखाद्या बेटाखाली एकही अळी नसताना ते वाळत असेल तर तेथे वाळवी, खोडकीड, मर रोग किंवा साचलेले पाणी यांचा विचार करावा. ऊस उभा चिरून पाहावा. आतला गाभा लालसर किंवा पोकळ झालेला असेल, पण मुळे शाबूत असतील, तर मेटारायझियमला दोष देण्यात अर्थ नाही.

दुसरी तपासणी: मेलेल्या अळ्या शोधा

शेतकरी जिवंत अळ्या मोजतात, मेलेल्या शोधत नाहीत. बुरशीने काम केले की नाही हे सांगणारा पुरावा मात्र मेलेल्या अळीच्या अंगावरच असतो. एकरात निदान पाच ठिकाणी, बेटाच्या बुडाशी, साधारण एक फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट खोल खड्डा घ्यावा. माती गोणपाटावर काढून हाताने चुरत जावी. कुदळीने भराभर उकरल्यास मेलेली अळी मातीच्या ढेकळासारखीच दिसते आणि निसटते.

मेटारायझियमने मेलेली अळी कुजत नाही. ती कडक होते, बोटांत धरली तर वाळलेल्या खडूच्या तुकड्यासारखी लागते आणि मोडली तर तुटते. सुरुवातीला तिच्या अंगावर पांढरी लव दिसते, आणि ओल मिळाली तर काही दिवसांत ती लव गर्द हिरवी होते. अंगठा फिरवला तर हिरवी पूड बोटाला लागते. ही पूड म्हणजे त्या बुरशीचे नवे बीजाणू. एका मेलेल्या अळीवर ते कोट्यवधी असतात आणि शेजारच्या अळीपर्यंत रोग पोहोचवण्याचे काम हेच करतात. म्हणून अशी अळी सापडली की ती बाहेर फेकू नये. जेथे सापडली तेथेच पुन्हा मातीआड करावी. मागच्या पावसाळ्यात एका खोडव्यात आम्ही सकाळभर खणत होतो. पाच खड्ड्यांत नऊ जिवंत अळ्या निघाल्या म्हणून रानाचे मालक निराश झाले होते, पण माती पुन्हा चाळली तेव्हा चौदा हिरव्या अळ्या मिळाल्या. त्या रानात आणखी काही टाकण्याची गरजच नव्हती, थांबण्याची होती.

रंग वेगळा असेल तर अर्थही वेगळा असतो. अंगावर पांढरी लव येऊन ती पांढरीच राहिली तर ती बहुधा बिव्हेरिया ही दुसरी बुरशी आहे. अळी विटकरी लाल होऊन मेली असेल आणि दुर्गंधी नसेल तर कीटकांना मारणारे सूत्रकृमी तेथे काम करत आहेत. काळी, लिबलिबीत आणि घाण वास मारणारी अळी जिवाणूंनी किंवा इजेने मेलेली असते आणि तिचा तुम्ही टाकलेल्या पाकिटाशी काही संबंध नसतो.

तिसरी तपासणी: पाकिटावरचे नाव आणि तारीख

रिकामे पाकीट फेकले नसेल तर ते आणून नीट वाचावे. मायकोरायझा आणि मेटारायझियम ही दोन नावे कानाला सारखी लागतात, आणि दुकानात एक मागितले असता दुसरे हाती पडल्याची उदाहरणे मी स्वतः पाहिली आहेत. मायकोरायझा, म्हणजे आपल्याकडे ज्याला व्हॅम म्हणतात ती बुरशी, मुळांच्या आत शिरून पिकाला स्फुरद आणि पाणी मिळवून देते. ती अळीला मारत नाही. तिचा किडींशी काहीच संबंध नाही असे मात्र म्हणता येणार नाही, कारण मायकोरायझा जोडलेली झाडे पाने कुरतडणाऱ्या अळ्यांना अधिक वेगाने प्रतिकार करतात असे अनेक पिकांत आढळले आहे, आणि नवी मुळे फोडण्याची ताकद मिळाल्याने ती नुकसानही अधिक सोसतात. मावा-तुडतुड्यांसारख्या रस शोषणाऱ्या किडींबाबत मात्र हा फायदा खात्रीचा नाही. हुमणीने मुळेच खाल्लेली असताना केवळ मायकोरायझावर विसंबून राहणे म्हणजे ज्या मुळांत ती राहणार ती मुळेच हातची घालवणे आहे. ट्रायकोडर्माचेही तसेच. ती रोगकारक बुरशींवर चालते, हुमणीवर नाही.

नाव बरोबर असेल तर पुढे तीन गोष्टी पाहाव्यात. उत्पादनाची व मुदत संपण्याची तारीख, केंद्रीय कीटकनाशक मंडळाचा नोंदणी क्रमांक, आणि बीजाणूंची संख्या. नोंदणीच्या निकषानुसार मेटारायझियमच्या भुकटीत दर ग्रॅमला किमान १० कोटी जिवंत बीजाणू असणे अपेक्षित असते. हे आकडे छापलेलेच नसतील तर ते पाकीट शेतात नेऊ नये. छापलेले असले तरी ते कारखान्यातून निघतानाचे असतात, हे लक्षात ठेवावे. मे महिन्यात पत्र्याच्या गोदामात किंवा गाडीच्या डिकीत आठवडा काढलेल्या पाकिटात त्यातले किती जिवंत उरले हे छपाईवरून कळत नाही. ही बुरशी २५ ते ३० अंश सेल्सिअसला उत्तम वाढते, पस्तिशीच्या पुढे तिची वाढ मंदावते, आणि साठवणीतल्या उष्णतेने बीजाणूंचे आयुष्य झपाट्याने घटते. माझा शिरस्ता असा आहे की पाकीट वापराच्या आठ-दहा दिवस आधीच आणायचे आणि घरातल्या सर्वांत थंड, अंधाऱ्या कोपऱ्यात, खतांच्या व औषधांच्या बाटल्यांपासून दूर ठेवायचे.

चौथी तपासणी: कोणत्या तारखेला टाकले

माझ्या अनुभवात सर्वांत जास्त अपयश येथे आहे, म्हणून यावर थोडे सविस्तर लिहितो.

आपल्याकडे उसात प्रामुख्याने होलोट्रॅकिया सेराटा ही हुमणी आढळते, आणि कोल्हापूर-सांगलीच्या नदीकाठच्या जमिनींत लिकोफोलिस ही दुसरी जात भेटते. होलोट्रॅकियाची वर्षातून एकच पिढी होते. वळवाचा पहिला चांगला पाऊस झाला की मातीत झोपलेले भुंगेरे संध्याकाळी अंधार पडताना बाहेर येतात, कडुनिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर जमून पाला खातात, तेथेच त्यांचे मीलन होते आणि माद्या परत मातीत जाऊन अंडी घालतात. दोन-तीन आठवड्यांत अंडी फुटतात. पहिल्या अवस्थेतली अळी बारीक असते आणि साधारण महिनाभर बहुतेक कुजलेल्या सेंद्रिय पदार्थांवर व बारीक तंतुमुळांवर जगते. त्यानंतर दुसरी आणि मग तिसरी अवस्था येते. तिसऱ्या अवस्थेतली अळी जाड कातडीची, खादाड आणि चार महिन्यांहून अधिक काळ जगणारी असते. ऑगस्ट ते ऑक्टोबरमधले खरे नुकसान तीच करते.

आता बुरशीची बाजू पाहू. मेटारायझियमचा बीजाणू अळीच्या कातडीला चिकटतो, ओल मिळाली की रुजतो, कातडीतली प्रथिने आणि कायटिन विरघळवणारी विकरे सोडून आत घुसतो, आणि अळीच्या रक्तात वाढत व विषारी द्रव्ये सोडत तिला मारतो. अळीने तो खाण्याची गरज नसते. अंगाला लागणे पुरते. या सगळ्याला वेळ लागतो. लहान अळी एक-दोन आठवड्यांत मरू शकते, परंतु शेतातल्या मातीत, मोठ्या अळीवर, तीन आठवड्यांपासून महिन्याहून अधिक काळ जाऊ शकतो. त्यातच अळीने मधल्या काळात कात टाकली तर कातीबरोबर तिच्या अंगावरचे बीजाणूही निघून जातात आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

त्यामुळे बेटे पिवळी पडल्यावर, म्हणजे ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरात, दुकानात धाव घेऊन आणलेले मेटारायझियम त्या हंगामातले पीक वाचवेल अशी अपेक्षा ठेवणे चुकीचे आहे. ते पुढच्या वर्षासाठी जमिनीत काही प्रमाणात साठा करील, इतकेच. योग्य काळ म्हणजे भुंगेरे बाहेर पडल्यावर तीन-चार आठवड्यांनी, आपल्या भागात साधारण जूनच्या मध्यापासून जुलैअखेर. सुरू हंगामाच्या (हिवाळ्याअखेर लावलेल्या) उसात मोठ्या बांधणीच्या वेळी भरणीची माती ओढण्याआधी बुडाशी टाकणे सोयीचे पडते. आडसाली (पावसाळ्यात केलेली) लागण असेल तर सरीतच कंपोस्टबरोबर द्यावे. खोडव्यात पावसाळा सुरू होताच बगला (वरंब्याच्या बाजू) फोडलेल्या ठिकाणी, मुळांजवळ द्यावे. गावातल्या कडुनिंबावर भुंगेरे पहिल्यांदा कोणत्या संध्याकाळी दिसले याची तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी. पुढचा सगळा हिशेब तिच्यापासून मोजता येतो.

पाचवी तपासणी: शेणखताच्या ढिगात हात घालून पाहा

मेटारायझियम शेणखतात कालवून, गोणपाटाने झाकून, आठवडाभर सावलीत ठेवण्याची पद्धत सर्वत्र सांगितली जाते. खत पूर्ण कुजलेले, भुसभुशीत आणि थंड असेल तर तिच्यात काहीच गैर नाही. पण खत कच्चे असेल तर ढीग आतून तापतो. कोपरापर्यंत हात घालून क्षणभर थांबावे. हात काढून घ्यावासा वाटण्याइतका चटका बसत असेल तर त्या उष्णतेत बीजाणूंचे काय झाले असेल ते वेगळे सांगायला नको. कच्च्या शेणात इतर बुरशींची आणि जिवाणूंची गर्दीही असते, आणि त्या गर्दीत मेटारायझियम वाढून दुप्पट-चौपट होईल या भरवशावर पाकिटांची संख्या कमी करणे धोक्याचे आहे. खतात मिसळण्याचा मुख्य उपयोग मूठभर भुकटी एकरभर सारखी पसरता यावी हा आहे. कच्चे खत रानात टाकण्याचे आणखी एक नुकसान असे की ते भुंगेऱ्यांच्या माद्यांना अंडी घालण्यास आणि लहान अळ्यांना पोसण्यास सोयीचे ठरते.

सहावी तपासणी: ओल आणि खोली

सरीच्या तोंडावर भुकटी विस्कटून, वर दोन दिवस कडक ऊन पडले, तर उन्हातल्या अतिनील किरणांनी वरचे बीजाणू मरतात. जे उरतात ते वरच्या बोटभर मातीतच राहतात. काळ्या चिकण जमिनीत बीजाणू मातीच्या कणांना चिकटून बसतात आणि पाण्याबरोबर फार खोल उतरत नाहीत, त्यामुळे "वरून टाकले, पाणी सोडले, खाली जाईल" हा हिशेब तेथे चुकतो. बुरशी अळीपर्यंत चालत जात नाही, म्हणून ती मुळांच्या पट्ट्यातच द्यावी लागते: बुडाशी चर घेऊन, पहारीने भोके पाडून, किंवा भरणीच्या मातीखाली. माती मुठीत दाबली तर गोळा व्हावा आणि बोट लावताच फुटावा, असा वाफसा टाकताना असावा. ठणठणीत कोरड्या मातीत बीजाणू रुजत नाहीत. सतत पाणी साचलेल्या मातीत हवा नसते, आणि बुरशीला हवा लागते.

पाचट जाळलेल्या आणि पाचट ठेवलेल्या रानांतला फरक येथे स्पष्ट दिसतो. पाचटाच्या आच्छादनाखाली ओल टिकते, ऊन थेट लागत नाही आणि माती थंड राहते, त्यामुळे बुरशीला तेथे महिनोन्महिने तग धरता येतो.

सातवी तपासणी: बरोबर आणखी काय दिले गेले

एक वही घेऊन मेटारायझियम देण्याआधीच्या आणि नंतरच्या तीन आठवड्यांत रानात जे जे गेले ते लिहून काढावे. कार्बेन्डाझिम, मॅन्कोझेब, कॉपर ऑक्सिक्लोराइड ही बुरशीनाशके आहेत आणि मेटारायझियम ही बुरशी आहे. एकाने दुसरे मरणार हे उघड आहे, तरीही एकाच पिंपात दोन्ही कालवल्याचे मी पाहिले आहे. ट्रायकोडर्मा दुसऱ्या बुरशींवर जगणारी असल्याने तीही त्याच दिवशी, त्याच चरात देणे मी टाळतो. क्लोरपायरीफॉससारख्या काही कीटकनाशकांचाही बीजाणूंच्या रुजण्यावर वाईट परिणाम होतो.

ठिबकवाल्यांनी आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. नळ्या साफ करण्यासाठी क्लोरीन किंवा आम्ल सोडले असेल तर त्यानंतर साध्या पाण्याने संच पुरेसा धुऊन काढल्याशिवाय बुरशी सोडू नये. शंखजिऱ्याच्या भुकटीतले मेटारायझियम ठिबकमधून देऊ नये, कारण ते गाळणीत आणि तोट्यांत अडकते. त्यासाठी द्रवरूप मिळते ते घ्यावे. तणनाशकाचा पंप धुऊन घेतला होता का, हा प्रश्न मी नेहमी विचारतो आणि उत्तर बहुधा उशिरा येते.

आठवी तपासणी: वाट्यांतली चाचणी

येथपर्यंत सगळे ठीक असेल तर माल जिवंत होता का हे घरीच पाहता येते. रानातून एकाच आकाराच्या वीस अळ्या आणाव्यात. वीस लहान प्लास्टिकच्या वाट्या घ्याव्यात, कारण अळ्या एकत्र ठेवल्या तर एकमेकींना चावतात आणि त्या जखमांनीच मरतात. दहा वाट्यांत बुरशी न टाकलेल्या दुसऱ्या रानातली ओलसर माती भरावी, आणि उरलेल्या दहांत त्याच मातीत पाकिटातली चिमूटभर भुकटी नीट मिसळून भरावी. प्रत्येकीत एक अळी आणि खाण्यासाठी गाजराचा तुकडा ठेवावा, झाकणाला टाचणीने भोके पाडावीत, वाट्यांवर खूण करावी आणि सावलीत ठेवाव्यात. तुकडा दर चार दिवसांनी बदलावा आणि माती सुकू देऊ नये.

तीन ते चार आठवड्यांत भुकटीच्या वाट्यांमध्ये कडक, हिरव्या अळ्या मिळाल्या आणि साध्या मातीतल्या बहुतेक जगल्या, तर माल चांगला आहे आणि दोष वेळेत, खोलीत किंवा ओलीत आहे. दोन्हीकडे सारख्याच मेल्या तर चाचणी फसली, पुन्हा करावी. दोन्हीकडे सारख्याच जगल्या तर पाकीट निकामी आहे. पुढच्या वर्षापासून ही चाचणी मे महिन्यातच करता येणार नाही, कारण तेव्हा अळ्या नसतात; म्हणून या हंगामात ज्या उत्पादनाने निकाल दिला त्याचे नाव लिहून ठेवणे महत्त्वाचे आहे.

या बुरशीची आणि हुमणीच्या कुळाची ओळख फार जुनी आहे. १८७९ मध्ये ओडेसा भागात इल्या मेचनिकॉफ या जीवशास्त्रज्ञांनी गव्हावरच्या ॲनिसोप्लिया नावाच्या भुंगेऱ्याच्या अळ्यांवर हा हिरवा रोग पाहिला आणि त्यातून पीक वाचवता येईल का याचा विचार केला. बुरशीच्या मेटारायझियम ॲनिसोप्ली या शास्त्रीय नावातले ॲनिसोप्ली त्या भुंगेऱ्यावरूनच आले. तो भुंगेरा आपल्या हुमणीच्याच कुळातला. याच मेचनिकॉफ यांना १९०८ मध्ये, प्रतिकारशक्तीवरील कामासाठी, नोबेल पारितोषिक मिळाले.

नववी तपासणी: जमीन आणि गाव

यापुढच्या गोष्टी एका आठवड्यात सुधारत नाहीत. माती परीक्षण करून सेंद्रिय कर्ब आणि क्षारता पाहावी. सेंद्रिय कर्ब कमी असलेल्या, दरवर्षी पाचट जाळल्या जाणाऱ्या किंवा क्षारपड झालेल्या जमिनीत बुरशी टाकली तरी ती टिकत नाही आणि दरवर्षी नव्याने खर्च करावा लागतो. ती टिकावी म्हणून एवढा आग्रह का, याचे एक कारण मला फार मोलाचे वाटते. मेटारायझियमच्या काही जाती मुळांभोवती आणि मुळांच्या आतही राहतात. कॅनडातील ब्रॉक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवून दिले की अशी बुरशी मातीत मारलेल्या किड्याच्या शरीरातला नत्र थेट घेवड्याच्या आणि स्विचग्रास नावाच्या गवताच्या मुळांपर्यंत पोहोचवते. पिकाने बुरशीला थारा द्यायचा आणि बुरशीने पिकाला किडीपासून राखून वर नत्रही द्यायचा, अशी ही देवघेव आहे.

दुसरी अडचण गावाची आहे. तुमच्या रानात बुरशी उत्तम काम करत असली तरी बांधावरच्या बाभळीवर शेकडो भुंगेरे जमत असतील तर दरवर्षी नवी अंडी पडतच राहणार. कडुनिंब-बाभळीच्या एका झाडावर सरासरी वीस किंवा अधिक भुंगेरे दिसू लागले की उपाय सुरू करावेत अशी शिफारस आहे. वळीव झाल्यावर संध्याकाळी साडेसात-आठच्या सुमारास, गावातल्या सगळ्यांनी मिळून फांद्या हलवून भुंगेरे खाली पाडावेत आणि रॉकेलमिश्रित पाण्यात टाकावेत. प्रकाश सापळे लावावेत. एका माणसाने हे करून भागत नाही. पाच-पन्नास जणांनी सलग दोन-तीन वर्षे केले की फरक दिसतो. सगळ्यांत महाग उपाय म्हणजे खोडवा मोडणे, रान खोल नांगरून अळ्या व कोष बगळ्या-कावळ्यांना खुले करणे आणि एक हंगाम पीक बदलणे. दोन खोडव्यांनंतरही अळ्यांची संख्या घटत नसेल तर मी हाच सल्ला देतो, आणि तो देताना मला वाईट वाटते.

कोठे थांबावे

सप्टेंबर सुरू झाला आहे, प्रत्येक खड्ड्यात बोटाच्या पेराएवढ्या जाड अळ्या अनेक निघत आहेत आणि बेटे रोज आडवी होत आहेत, अशी स्थिती असेल तर मेटारायझियमची आणखी पाकिटे आणू नयेत. त्याच दिवशी साखर कारखान्याच्या ऊस विकास विभागाला, कृषी सहाय्यकाला किंवा कृषी विज्ञान केंद्रातील कीटकशास्त्रज्ञाला रानात बोलवावे. किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या क्रमांकावरही विचारता येते. रासायनिक औषध द्यावे की नाही, कोणते आणि किती, हे त्यांनी रान पाहून सांगू द्यावे. जुन्या सवयीने फोरेटचे दाणे शोधत फिरू नये. भारतात त्यावर २०२० अखेरपासून बंदी आहे. शेजाऱ्याने सांगितलेली दोन-तीन औषधे एकत्र करून आळवणी करणे पिकालाच नव्हे, करणाऱ्या माणसालाही घातक ठरू शकते. बुरशीची भुकटी उधळतानाही नाक-तोंडाला फडके बांधावे, आणि दम्याचा त्रास असणाऱ्याने ते काम दुसऱ्याकडे द्यावे.

वाट्यांतल्या चाचणीत पाकीट दोनदा निकामी निघाले तर दुकानदाराशी वाद घालत बसू नये. पावती, रिकामे पाकीट आणि शिल्लक असल्यास न फोडलेले पाकीट घेऊन पंचायत समितीतील गुणनियंत्रण निरीक्षकाकडे किंवा तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्यावी. बुरशीची जिवंतता प्रयोगशाळेतच मोजता येते, आणि तेथे घरच्या चाचणीपेक्षा पावतीला अधिक किंमत असते.

तज्ज्ञाकडे नमुना न्यायचा असेल तर जिवंत अळ्या रानातल्याच ओलसर मातीत, प्रत्येक अळी वेगळ्या डबीत, अशा पाच-सहा न्याव्यात. मेलेल्या अळ्या ओल्या मातीत किंवा प्लास्टिकच्या पिशवीत घातल्या तर वाटेतच दुसऱ्या बुरशी चढतात, म्हणून त्या कोऱ्या कागदाच्या पुडीत कोरड्याच ठेवाव्यात. पुडीवर गाव, गट क्रमांक, लागण की खोडवा, मेटारायझियम टाकल्याची तारीख आणि अळी सापडल्याची तारीख पेन्सिलीने लिहावी, कारण शाई ओलीने पसरते.